देणाऱ्याचा रकाना

दत्तक म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे दोन पक्ष उभे राहतात: एक देणारा आणि दुसरा घेणारा. दान आणि प्रतिग्रह यांवाचून दत्तविधान सिद्ध होत नाही, असे आमचे धर्मशास्त्र सांगत आले. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोमाची सक्ती काढून टाकली, परंतु मूल प्रत्यक्ष दिले आणि घेतले गेले पाहिजे ही अट कायम ठेवली. बडोद्याच्या वाचकांना उदाहरणासाठी दूर जावयास नको. १८७५ साली कवळाणे गावचा गोपाळराव महाराणी जमनाबाईंच्या ओटीत घातला गेला आणि सयाजीराव झाला. पण त्यामुळे जन्मदात्या काशीरावांचे नाव कोणत्याही दप्तरातून खोडले गेले नाही. घेणाऱ्याचे नाव लागले आणि देणाऱ्याचेही राहिले.

ज्या दत्तकांच्या निमित्ताने आम्ही येथे चिनी चित्रपटांविषयी लिहीत आहोत, त्यांच्या कागदांत देणाऱ्या आईबापांचा रकाना कोरा होता. चीनचा दत्तक कायदा १ एप्रिल १९९२ रोजी अमलात आला. तेव्हापासून २०२४ पर्यंत एक लाख साठ हजारांहून अधिक मुले परदेशी घरांत गेली. त्यांतील ऐंशी हजारांवर एकट्या अमेरिकेत. बहुसंख्य मुली. मूल टाकणे हा चिनी कायद्याने गुन्हा, म्हणून टाकणारी आई नावगाव मागे ठेवीत नसे. मूल बाजारात, पुलाशी किंवा अनाथालयाच्या फाटकापाशी सापडे. सापडल्याची जागा आणि तारीख तेवढी कागदावर येई. आईबापांनी पुढे यावे म्हणून साठ दिवसांची जाहीर नोटीस निघे, आणि मुदत संपली की संस्था हीच देणारी होई. जाहीर नोटिशीला उत्तर न येण्याचा अर्थ आमच्या पेशातील माणसाला सांगावा लागत नाही. कोणी हक्कदार नाही, एवढाच तो नसतो. हक्कदाराला पुढे येण्याची सोय नाही, असाही असतो.

अशा मुलांची वाट पाहणारी घरे या काळात चिनी चित्रपट पाहत. २००५ मध्ये जवळजवळ आठ हजार मुले अमेरिकेस गेली. त्या सुमारास ही वाट काही महिन्यांची होती. पुढे निरोगी तान्ह्या मुलासाठी ती पाच-सहा वर्षांवर गेली. एवढ्या काळात माणसाने करावे तरी काय? खोली रंगवावी, भाषेचे चार शब्द घोकावेत, आणि मूल घरात येण्याआधी त्याचा देश पडद्यावर तरी पाहून घ्यावा. या इच्छेची थट्टा करण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. आम्ही विचारतो ते एवढेच, की या पाहण्यातून त्यांच्या हाती काय लागले आणि काय निसटले.

या प्रश्नाला आज निराळी निकड आली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात चिनी परराष्ट्र खात्याने परदेशी दत्तकाची वाट बंद झाल्याचे जाहीर केले; रक्ताच्या जवळच्या नातलगांचा आणि सावत्र मुलांचा तेवढा अपवाद ठेवला. मुलाचे नाव आणि छायाचित्र हाती आलेली कित्येक घरे होती तेथेच राहिली. आता या चित्रपटांपुढे बसणार आहेत त्या मुख्यतः तेथून गेलेल्या आणि वीस-तीस वर्षांच्या झालेल्या मुलीच. आईबापांनी हौसेने केलेली यादी लेकींच्या उपयोगी पडेल का, हे तपासले पाहिजे.

तिच्यातील काही नावांपाशी थांबण्याचे कारण नाही. झांग यिमौ यांचा ‘रेझ द रेड लँटर्न’ (१९९१) हा नेत्रसुखद चित्रपट बहुधा सर्वांत आधी पाहिला जाई, आणि या कामी तोच सर्वांत निरुपयोगी. ज्या बायकोकडे मालक रात्री जाणार तिच्या अंगणात तांबडे कंदील लावण्याची जी चाल त्यात आहे, ती चीनमध्ये कधी नव्हती. मूळ कथेतही नाही. ती दिग्दर्शकाची कल्पना. मुलीला तिच्या देशाची रूढी म्हणून हे कंदील दाखविणे म्हणजे नाटकाच्या पडद्यावरचा डोंगर दाखवून हा आपला गाव असे सांगणे होय. त्याच दिग्दर्शकाचा ‘द स्टोरी ऑफ च्यू जू’ (१९९२) वकिलाने तरी चुकवू नये. पण तो विषय निराळा. ‘नॉट वन लेस’ (१९९९) मध्ये तेरा वर्षांची बदली शिक्षिका शहरात पळालेल्या एका विद्यार्थ्याला शोधीत जाते. खेड्यातील दारिद्र्य त्यात खरे आहे, खडूचा तुकडा जपून वापरणारी शाळा खरी आहे. शेवटी दूरदर्शन केंद्र धावून येते आणि सारे सुरळीत होते, तेथे मात्र आमचा विश्वास डळमळतो. झांग युआन यांचा ‘लिटल रेड फ्लॉवर्स’ (२००६) आम्ही आग्रहाने सुचवू. वसतिगृहासारख्या बालकमंदिरातील चार वर्षांच्या मुलाची ही गोष्ट. स्वतः कपडे घातले तर कागदी तांबडे फूल, वेळेवर शौचास झाले तर आणखी एक. रांगेने वाढलेले मूल नव्या घरात आल्यावर रात्री का रडत नाही, हे ज्यांना कळत नव्हते त्यांना येथे काही उमगले असते.

चेन काइगे यांच्या ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ (१९९३) या चित्रपटाच्या आरंभीच देणारी आई दिसते. ती वेश्या आहे. मुलाच्या हाताला सहा बोटे, म्हणून नाटकमंडळी त्याला घेत नाही. ती ते बोट सुरीने तोडते, अंगावरचा कोट मुलाभोवती गुंडाळते आणि निघून जाते. इतर मुले त्या कोटाची टवाळी करतात, तेव्हा तो पोरगा तो आगीत टाकतो. पुढचा सगळा चित्रपट नाटकाचा आणि राजकारणाचा आहे, परंतु ही पहिली काही मिनिटे ज्याला आठवतात त्याला देणे म्हणजे काय याचा एक अर्थ कळलेला असतो. आई परत कधी येत नाही. 

आता वाट पाहणाऱ्या घरांचा जो लाडका चित्रपट होता त्याकडे वळू. वू थ्यानमिंग यांचा ‘द किंग ऑफ मास्क्स’ १९९५ चा. सिचुआन प्रांतात होडीवर राहणारा एक म्हातारा खेळकरी क्षणात मुखवटे बदलण्याची कला जाणतो. ही विद्या घराण्यातील पुरुषालाच द्यावयाची, असा दंडक. आणि त्याला तर कोणीच नाही. मुले विकली जातात त्या बाजारात, मुली फुकट न्या म्हणून विनवणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढीत, तो एक नातू विकत घेतो. आजोबा म्हणून मूल हाक मारते आणि म्हाताऱ्याचे जग उजळते. मग एके दिवशी त्याच्या पायाला जखम होते, औषधासाठी मुलाचे मूत्र हवे असते, आणि नातू ही नात असल्याचे उघड होते. त्या क्षणापासून ‘आजोबा’ म्हणण्याची तिला बंदी, ‘मालक’ म्हणायचे. जू शू या वृद्ध नटाने हा बदल आवाज न चढविता दाखविला आहे, आणि छोट्या जो रेनयिंगचा चेहरा तर पाहणाऱ्याला दिवसभर सोडीत नाही.

येथे आमच्या वाचकाला परके असे काही वाटू नये. १९५६ पूर्वी आमच्या शास्त्रीय कायद्यातही दत्तक तो पुत्रच. मुलीला दत्तक घेता येत नसे. कला मुलीकडे सोपविण्यासाठी मुलगी दत्तक घेण्याची चाल नायकिणींत होती, आणि ती मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८० मध्ये, मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण या गाजलेल्या निवाड्यात, अमान्य केली. चीनच्या छिंग राजवटीची संहिता अशीच वंशाला धरून होती. वारस सगोत्रच हवा. टाकलेले मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर परक्या कुळातले असूनही सांभाळावे, त्याला आपले आडनाव द्यावे, पण वारस करू नये. म्हणजे भाकरी द्या, नाव द्या, पिंडाचा अधिकार देऊ नका. म्हातारा मुलीला होडीवर ठेवतो पण विद्या देत नाही, तेव्हा तो व्यक्तिशः दुष्ट नाही. तो त्या संहितेचा माणूस आहे.

एवढे मान्य करूनही या चित्रपटावर आमचे दोन आक्षेप आहेत. मुलगी शेवटी नात ठरते ती कशी? म्हातारा मूल पळविल्याच्या खोट्या आरोपात फाशीच्या तोंडी जातो. ती नाटकगृहाच्या छपरावरून दोरीला लटकते, दोरी कापते, जिवावर उदार होऊन त्याच्यासाठी दाद मागते. तेव्हा तिला मुखवटे मिळतात. म्हणजे दत्तक होण्याची किंमत मुलाने चुकवावयाची. घरात आलेल्या पोराला जर कोठून तरी असे वाटत असेल की आपण उपकाराखाली आहोत आणि ते फेडले पाहिजेत, तर हा गोड शेवट त्याच्या मनातील काट्याला खोलवर ढकलील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा चित्रपट पाहून परदेशी घरांची खात्री पटे की चिनी माणसाला मुलगी नकोच असते. सरकारने १९८० पासून सक्तीने राबविलेल्या एक-अपत्य धोरणाच्या छायेत मुली टाकल्या गेल्या यात शंका नाही. परंतु त्या उचलणारे हात चीनमध्ये नव्हते असे म्हणणे चुकीचे आहे. १९९२ चा कायदा उघडून पाहावा. टाकलेले धडधाकट मूल दत्तक घ्यावयाचे तर घेणारा निपुत्रिक पाहिजे आणि पस्तिशी ओलांडलेला पाहिजे. घरी एक मुलगा असलेल्या, तिशीतल्या शेतकरी जोडप्याने बांधावर सापडलेली मुलगी आणून वाढविली तर तिची नोंद होईना. नोंद नाही म्हणून ती बेकायदा. बेकायदा म्हणून तिची रवानगी अनाथालयात होण्याचा धोका. १९९९ मध्ये वयाची अट तीसवर आली आणि संस्थेतील टाकलेल्या मुलांपुरती निपुत्रिकतेची अट सुटली, पण तोवर सात वर्षे गेली होती. हूनान प्रांतातील लोंगहुई तालुक्यात तर कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी घरांतून मुले उचलून अनाथालयात पोहोचविली, हे ‘काइशिन’ या चिनी नियतकालिकानेच २०११ मध्ये छापले. १९३० च्या दशकातला होडीवरचा म्हातारा मुलगी नाकारतो. १९९० नंतरच्या कित्येक घरांनी ती नाकारली नव्हती, कायद्याने त्यांना नाकारले होते. जुनी रूढी दाखविणारा चित्रपट पाहून नव्या कायद्याचे पाप रूढीच्या माथी मारले जाते, आणि ‘तुझ्या देशात तू कोणाला नको होतीस’ हे वाक्य मुलीच्या कानांवर पडते. ते वाक्य खरे नाही.

चेन काइगे यांचा ‘टुगेदर’ (२००२) पाहताना हा ताण थोडा सैल होतो. आचाऱ्याचे काम करणारा बाप व्हायोलिन वाजविणाऱ्या मुलाला घेऊन पेचिंगला येतो. मागाहून कळते की हे मूल त्याला रेल्वेच्या स्थानकावर सापडले होते आणि शेजारी व्हायोलिन ठेवलेले होते. मुलगा स्पर्धा सोडतो आणि निघालेल्या बापासाठी स्थानकाच्या गर्दीतच वाजवू लागतो. अश्रू काढणारा शेवट आहे आणि आम्हीही ते काढू दिले. पण त्या व्हायोलिनचा विचार पडदा खाली आल्यावर येतो. तान्ह्या मुलाजवळ पैसा नाही, चिठ्ठी नाही, वाद्य ठेवणारी ती कोण असेल? एवढा मोठा प्रश्न दिग्दर्शकाने विचारला आणि उत्तराची जबाबदारी टाळून तो वादनाकडे वळला. आमच्या मते हा चित्रपट तेथेच लहान झाला.

२०१० नंतरच्या चिनी चित्रपटांनी हे टाळणे सोडले. ‘सो लाँग, माय सन’ (२०१९) हा वांग श्याओश्वाई यांचा तीन तासांचा चित्रपट एका कामगार जोडप्याचा आहे. दुसऱ्या खेपेचा गर्भ धोरणापायी सक्तीने पाडलेला, त्यात पुढची आशा गेलेली. एकुलता मुलगा पाण्यात बुडालेला. ती दोघे दूर समुद्रकाठी जाऊन राहतात, एक मुलगा दत्तक घेतात आणि त्याला मेलेल्या मुलाचे नाव देतात. त्या पोराने घर डोक्यावर घेतले तर नवल ते काय? दुसऱ्याच्या नावाचा अंगरखा घालून कोण स्वस्थ बसेल? बाप अखेर त्याच्या मूळ नावाचे ओळखपत्र त्याच्या हाती ठेवतो. दत्तकविषयक चित्रपटांत आम्ही पाहिलेले सर्वांत प्रामाणिक दान हे; येथे घेणाराच देणारा होतो. वांग जिंगचुन आणि योंग मेई या दोघांना त्या वर्षी बर्लिनमध्ये अभिनयाची पारितोषिके मिळाली, ती योग्यच होती.

त्याहून आम्हांस जवळचा वाटला तो पीटर चॅन यांचा ‘डिअरेस्ट’ (२०१४), कारण त्याचा उत्तरार्ध जवळजवळ न्यायालयातच घडतो. शेंझेनमध्ये एक मुलगा हरवतो. तीन वर्षांनी आन्हुई प्रांतातील खेड्यात सापडतो. तो आईबापांना ओळखीत नाही; ज्या बाईने वाढविले तिलाच बिलगतो. येथवर आमची सहानुभूती हरवलेल्यांकडे असते. मग चित्रपट वळतो आणि त्या खेडवळ बाईच्या मागे चालू लागतो. तिच्या मयत नवऱ्याने तो मुलगा पळविला होता, ते तिला ठाऊक नव्हते. घरी एक मुलगीही आहे. ती बांधकामाच्या जागी टाकलेली सापडली, असे नवऱ्याने सांगितलेले. ती मुलगी आता शेंझेनच्या अनाथालयात आहे आणि बाईला ती परत हवी आहे. तिच्यावर भार येतो तो असा: मूल टाकलेलेच होते, पळविलेले नव्हे, हे सिद्ध करावे. म्हणजे देणारा कोणी नव्हता याचा पुरावा घेणाऱ्याने आणावयाचा! अभावाचा पुरावा देणे किती कठीण असते हे वकिलीत पहिल्या वर्षी कळते. झाओ वेई या नटीने ती बाई अशी उभी केली आहे की तिच्या बाजूने आणि तिच्या विरुद्ध एकाच वेळी युक्तिवाद करावासा वाटावा.

पण या चित्रपटाला आम्ही निर्दोष सोडणार नाही. कथा घडलेल्या प्रकरणावरून घेतली आहे, आणि शेवटी श्रेयनामावलीबरोबर खरी माणसे पडद्यावर आणली आहेत. साक्षीदाराने साक्ष द्यावी म्हणून ती बाई त्याच्याबरोबर शय्या करते, हा प्रसंग मात्र रचलेला. आणि ज्या स्त्रीवरून पात्र घेतले तिने पुढे त्याविरुद्ध जाहीरपणे तक्रार केली. जिवंत माणसाचा चेहरा दाखवून खरेपणाचा लाभ घ्यावयाचा आणि तिच्या अब्रूवर कल्पित प्रसंग लादावयाचा, हे दोन्ही एकदम करता येणार नाही. ज्या बाईला कोर्टात कोणी ऐकले नाही तिला चित्रपटानेही पुरते ऐकले नाही, याचा विषाद वाटतो.

देणाऱ्यांचे प्रत्यक्ष बोलणे ऐकावयाचे असेल तर कथाचित्र सोडून ‘वन चाइल्ड नेशन’ (२०१९) या माहितीपटाकडे जावे लागते. दिग्दर्शिका वांग नानफू चीनमध्ये जन्मल्या आणि अमेरिकेत स्थायिक झाल्या. झांग ज्यालिंग यांच्यासह त्यांनी तो केला. त्या कॅमेरा घेऊन आपल्याच गावी, आपल्याच घरी जातात. मामा सांगतो की तान्ही मुलगी बाजारातील खाटकाच्या फळीवर ठेवली, दोन दिवस कोणी उचलली नाही, ती गेली. आवाज स्थिर असतो. वाट पाहणाऱ्या घरांना हा माहितीपट वेळेवर मिळाला असता तर कित्येकांनी तो अर्ध्यात बंद केला असता, असे आम्हांस वाटते. आणि त्यांच्या लेकींनी तो पुढे एकट्याने पुरा पाहिला असता.

शेवटी यिन रुओशिन यांचा ‘माय सिस्टर’ (२०२१). चिनी नावाचा अर्थ ‘माझी ताई’ असा, आणि मराठीत तेच नाव शोभते. छंगतूमधील परिचारिका आन रान. मुलगा व्हावा म्हणून दुसऱ्या अपत्याची परवानगी मिळविण्यासाठी बापाने तिला लहानपणी लंगडी असल्याचे सोंग करावयास लावले, आणि अधिकाऱ्यांपुढे ती नाचताना सापडली तेव्हा मारले. आता आईबाप अपघातात गेले आहेत, आणि ज्याच्यासाठी तिचे बालपण गहाण पडले तो लहानगा भाऊ तिच्या गळ्यात आहे. तिला पेचिंगला जाऊन पुढे शिकावयाचे आहे. भावाला चांगल्या घरी दत्तक द्यावे, हा तिचा विचार आम्हांस स्वार्थी वाटत नाही. एवढ्या चित्रपटांत देणारी व्यक्ती मध्यभागी उभी आहे ती येथेच. तिला नाव आहे, नोकरी आहे, राग आहे, आणि सही करण्याचा अधिकार आहे. घेणारे घर सधन आणि सुस्वभावी आहे. त्यांनी पुढे केलेल्या हमीपत्रात मात्र एक अट आहे: यापुढे भावाला कधीही भेटावयाचे नाही. आन रान लेखणी हाती घेते, सही होत नाही, आणि ती भावाचा हात धरून धावत बाहेर पडते. हा शेवट म्हणजे ताईने पुन्हा त्यागच करावा असा उपदेश आहे, म्हणून चीनमधील पुष्कळ तरुण मुली संतापल्या. त्यांचा संताप आम्हांस समजतो. परंतु तिने सही नाकारली ती दत्तकाला की त्या अटीला, हे दिग्दर्शिकेने मुद्दाम मोघम ठेवले आहे, आणि आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. भाऊ त्या घरी राहावा आणि ताईने दर वसंतोत्सवाला त्याला भेटावे, यात कायद्याला अशक्य असे काहीच नाही. तो मसुदा आमच्या मेजावर आला असता, तर बाकीची कलमे वाचण्याआधी आम्ही ते एक कलम खोडून मग दोन्ही पक्षांस बोलावले असते.